आधी कांद्याची मान बघा

पुण्यातली नोकरी सोडून मी गावी आलो आणि बेळगावजवळच्या काकतीच्या पुढं आमच्या सव्वा एकरात पहिल्यांदा कांदा लावला, त्याला आता सहा हंगाम झाले. नव्यानं शेतीत येणारी पोरं विचारतात, बी कुठलं आणू? बियाला महत्त्व आहेच. पण कांदा टिकणार की सडणार हे त्याच्या मानेवर, म्हणजे पात कांद्याला जुळते त्या भागावर ठरतं, आणि मला ते फार उशिरा कळलं.

पहिल्या वर्षी एप्रिलात वळवाचं आभाळ भरून आलं. पात अजून हिरवी होती, तरी घाबरून दोन दिवसांत सगळा कांदा उपटला, माना बुडातून कापल्या आणि माजघरात फरशीवर ढीग घातला. शेजारच्या काकू दारात आल्या, एक कांदा उचलून मानेला चिमटीत दाबलं. बोटं ओली झाली. म्हणाल्या, "ओल्या मानेचा कांदा घरात आणूलालास व्हय बाळ? आत्ता पसर त्याला." मी पसरला नाही. तिसऱ्या आठवड्यात ढिगाखालून काळं पाणी आलं आणि जवळजवळ निम्मा कांदा उकिरड्यावर गेला.

साठवायचा असेल तर रब्बीचाच कांदा धरा. खरिपाचा काढला की विकायचा. एन-2-4-1 हा वाण चालतो, राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राच्या भीमा किरण आणि भीमा शक्तीही टिकतात. एकरी तीन-चार किलो बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात टाकायचं, तरू म्हणजे रोप सात-आठ आठवड्यांचं झालं की 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावायचं. फार जून तरू लावलं तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, जास्त येतात.

युरियाचा शेवटचा हप्ता लावणीनंतर 45 दिवसांच्या आत संपवा. पुढंही नत्र देत राहिलं की कांदा दिसायला भरतो, पण मान जाड होते, आणि जाड मान लवकर सुकत नाही. पाणीही काढणीच्या 10-15 दिवस आधी तोडायचं. निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणीची वेळ झाली.

उपटलेला कांदा रानात ओळीनं असा मांडा, की पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर पडेल. उघड्या उन्हात कांदा भाजतो. तीन-चार दिवसांनी साधारण इंचभर मान ठेवून पात कापा आणि 10-12 दिवस सावलीत पातळ पसरा. वळीव आलाच तर ताडपत्री घाला, पण पाऊस थांबताच काढा, नाहीतर आत वाफ धरते. मान चिमटीत कागदासारखी कोरडी लागली, तरच चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात. जोडकांदा, डेंगळ्याचा आणि जाड मानेचा कांदा वेगळा काढून आधी विकून टाका.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा, म्हणजे खालून वारा खेळतो. ढीग चार फूट रुंद, उंची पाच फुटांच्या आत. आमच्याकडं बटाटाही घरोघरी असतो आणि जागा वाचवायला दोन्ही एकत्र ठेवतात. ते करू नका, बटाट्याची ओल कांद्याला लागते. चाळीला बागायत खात्याकडून अनुदान मिळतं, पण बांधायच्या आधी उतारा घेऊन चौकशी करा. कागद कन्नडमध्ये असतात. उळ्ळागड्डी म्हणजे कांदा आणि बेळ्ळुळ्ळी म्हणजे लसूण, एवढे शब्द पाठ असले तरी खिडकीवर गोंधळ उडत नाही.

मिरगानंतर हवा दमट होते. तेव्हा मी आठ-दहा दिवसांनी चाळीत शिरतो, आणि डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. वास आला तिथला थर उकरून सडका कांदा काढायचा. एक ठेवला तर शेजारचे चार जातात.

लसणाची लावण दिवाळीच्या आसपास उरका. उशीर झाला तर गड्डा बारीक राहतो. पाकळीचं टोक वर, खोली दोन-तीन सेंटिमीटर. एकरी सुमारे 200 किलो पाकळ्या लागतात. पात पिवळी पडून वाकली की लगेच काढा. रानात जास्त राहिला तर गड्डा फुटतो आणि पाकळ्या सुट्या होतात. लसणाची पात कापायची नाही. ती सुकली की जुड्या बांधून पडवीत आढ्याला टांगायच्या. मोठ्या पाकळ्यांचे गड्डे काकू त्याच जुड्यांतून निवडतात आणि वेगळ्या दोरीला बांधतात. त्या दोरीला घरात कुणी हात लावत नाही, ती पुढच्या दिवाळीच्या लावणीची.