तांब्याच्या पत्र्यावर एचिंग: प्रिंटमेकिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी

सांगली-मिरजेहून प्रिंटमेकिंग शिकायला बडोदा किंवा शांतिनिकेतन गाठायचं असेल, तर पोर्टफोलिओत निदान एक एचिंग (पत्र्यात रसायनाने रेषा खाऊ देऊन, त्यांत शाई भरून काढलेला छाप) असं हवं, ज्यात कोणती रेष किती काळी ते तुम्ही ठरवलेलं असेल. त्यासाठी चित्राआधी चाचणी पट्टी करा, म्हणजे तांब्याच्या वेगळ्या तुकड्यावर किती मिनिटांत रेष किती काळी येते ते पाहा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

पत्रा सव्वा ते दीड मिलिमीटर जाड घ्या. चारही कडा कानशीने तिरप्या उतरवा, नाहीतर प्रेसमध्ये कागद कडेला फाटतो आणि प्रेसचं ब्लँकेटही (कागदावर घालायचं जाड लोकरी कापड) कापलं जातं. मग खडूची पूड आणि पातळ अमोनियाने पत्रा घासा, खिडकी उघडी ठेवून. धुतल्यावर पाणी अखंड पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब गोळा झाले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा घासा. तेलावर ग्राउंड (रसायनापासून तांबं झाकणारा थर) धरत नाही, आणि फेरिक क्लोराइड (तांबं खाणारं रसायन) नको तिथे शिरून काळे ठिपके पाडतं.

हार्ड ग्राउंडचा पातळ थर द्या, मागची बाजू चिकटपट्टीने झाका. सुईने फक्त ग्राउंड उचलायचं, तांबं खरवडायचं नाही. चित्रात अक्षरं असतील तर ती उलटी काढा. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली, तेव्हाही तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं उलटीच कोरावी लागली होती.

आता चाचणी पट्टी. तिच्यावरही ग्राउंड देऊन सारख्याच रेषांचे पाच पट्टे काढा. फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात थोडेथोडे टाका, कारण द्रावण तापतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. पट्टी पालथी, टेकूवर ठेवा. उताणी ठेवली तर गाळ रेषांत बसतो आणि खाणं मंदावतं. ५, १०, २० आणि ४० मिनिटांनी बाहेर काढून धुवा, वाळवा, दर वेळी एकेक पट्टा वॉर्निशने बंद करा. शेवटचा ८० मिनिटं खाऊ द्या. द्रावणाचं तापमानही लिहून ठेवा: एप्रिलच्या दुपारी तेच द्रावण डिसेंबरच्या सकाळपेक्षा बरंच वेगाने खातं. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतू नका, कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

छापायला एचिंग प्रेसच लागते. २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) सुती कागद अर्धा तास भिजवा, टिपकागदात दाबून चकाकी जाईपर्यंत पाणी काढा. शाई रेषांत भरा, कडक जाळीदार कापडाने गोल फिरवत पुसा, शेवटी तळहाताने. रेष मधूनमधून पांढरी आली तर कागद कोरडा राहिलाय किंवा दाब कमी आहे. सगळीकडे राखाडी झाक दिसली तर पुसणं अपुरं. पावसाळ्यात छाप वाळवताना टिपकागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते.

छापाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. पट्टीचा छापही मिनिटं आणि तापमान लिहून पोर्टफोलिओत ठेवा. एखादी रेष इतकी गडद कशी आली असं मुलाखतीत विचारलं, तर तोच पुढे करता येतो.