टंचाईच्या दिवसांत मुलांना द्यायला शिकवताय? या चुका टाळा

कोकणात १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी पावसाळ्यापुरती बंद होते. होड्या शाकारून किनाऱ्यावर चढतात आणि खलाशांच्या घरात रोकड येणं थांबतं. आंबा धरला नसेल तर बागायतदाराचंही तेच. शाळा याच महिन्यात उघडतात, आणि पूर-वादळ झालं की मदतीच्या मोहिमाही याच पावसात निघतात. मुलांनी त्यांत उतरावंच. पण दर वेळी त्याच चुका दिसतात आणि त्यात लहान जीव दुखावतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वर्गणीची यादी वर्गात मोठ्याने वाचणं. अमक्याचे शंभर, तमकीचे पन्नास. आमच्या भागातल्या एका शाळेत असं चाललं होतं. चौथीतल्या एका मुलाचा बाप खलाशी, बंदीमुळे घरी बसलेला. यादी संपेपर्यंत पोरगा शाळेत फिरकलाच नाही. आईला सांगायचा, पोटात दुखतंय. त्याच दिवसांत मी त्याला भर पावसात शेजारच्या म्हातारीकडे विहिरीवरून कळशी नेताना पाहिलं. तिचा मुलगा मुंबईला आणि तिचे गुडघे धरलेले. वाडीत त्याच्याइतकं देणारं पोर दुसरं नव्हतं, पण यादीत पाण्याच्या कळशीला रकाना नव्हता.

माझ्याकडे यादी नसते. एक झाकणाचा डबा, त्यावर फडकं. प्रत्येकाने फडक्याखाली हात घालायचा. मूठभर तांदूळ असो, नाणं असो, नाहीतर रिकामी मूठ. कोणी काय टाकलं हे मलाही कळत नाही. आणि पैशांपेक्षा मी कामावर भर देतो. पाऊस सरला की वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा (गोण्यांचा कच्चा बांध) घालताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या आणि साखळी करून हातोहात पुढे द्यायच्या. तिथे खलाशाचा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. अडवलेलं पाणी पुढे भाजीच्या वाफ्यांना आणि गुरांना पुरतं, आणि ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

दुसरी चूक जुन्या कपड्यांची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ओसरलं तेव्हा घराघरांत चिखल. लोकांना हवे होते झाडू, फावडी, बादल्या, फिनेल, पिण्याचं पाणी, कोरडी अंतर्वस्त्रं. येत होती कपड्यांची गाठोडी. माझ्यासमोर एका मुलीने गाठोड्यातून फ्रॉक ओढला. चेन तुटलेली, पुढे तेलाचा मोठा डाग. तिने तो अंगाला लावून बघितला. आईने हातातून घेतला आणि म्हणाली, "राहू दे, लादी पुसायला होईल." तो फ्रॉकही कुठल्या तरी मुलाच्याच हातून गाठोड्यात गेला असेल, आणि आपण चांगलं काम केलं असं त्याला वाटलं असेल.

म्हणून आधी ज्यांना द्यायचं त्यांना विचारायचं, काय हवंय? मग मुलानेच कपडा धुवायचा, वाळवायचा, बटण तुटलं असेल तर शिवायचं, घडी घालायची. "एवढा वेळ कुठेय, टाका गाठोड्यात" म्हणणारे पालक मला दर वर्षी भेटतात. वेळ नसेल तर त्या वर्षी देऊ नका. घाईने दिलेलं घेणाऱ्याला लगेच कळतं.

घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढू नका. आपल्याकडे वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

मुलाचं खेळणं त्याला न विचारता कुणाला देऊन टाकू नका.

सेवेला प्रमाणपत्र नको, गुण तर नकोच.

घरची ओढाताण मुलांपासून लपवू नका. यंदा गणपतीची आरास साधी का, हे सरळ सांगा. आठ वर्षांच्या मुलाला डब्यात तांदूळ किती उरलेत हे कळतं आणि त्यातून शेजारी किती द्यायचे याचा तो विचारही करतो.

आणखी एक, ज्याकडे कोणी लक्षच देत नाही: मुलांना घ्यायलाही शिकवा. अडचणीतल्या घरातलं मूल सारखं घेतच राहिलं तर मान खाली घालून चालायला लागतं. शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत इथे कामाला येते. घरात काही नसेल तर कोकमाची चार सालं, परसातली शेवग्याची शेंग, अळवाची दोन पानं. वाटी मुलाच्याच हाती पाठवा, आणि देताना "काही नाही हो, थोडंसंच आहे" असं म्हणायला त्याला लावू नका.