आत्या मिलिटरीत होती, साडी नेसून

आमच्या साताऱ्यात ‘मिलिटरीत आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या रेजिमेंटला? जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, १९६१ पासून सैनिक स्कूल आहे. दुसरं काही सुचणार तरी कसं? माझी आत्या मात्र देहूरोडच्या एका लष्करी डेपोत नागरी, म्हणजे वर्दी नसलेली, क्लार्क म्हणून लागली आणि साठ पूर्ण झाल्यावर तिथूनच निवृत्त झाली. तिच्या मागोमाग मीही याच खात्यात आले. भरतीच्या ग्राउंडवर उंचीत नाहीतर छातीत बाद झालेली मुलं मला या नोकरीबद्दल विचारतात. मुलीही विचारतात, त्यांच्यासाठी जरा जास्त लिहिते.

डेपो, वर्कशॉप, एमईएस (लष्कराच्या इमारती बांधणारं-सांभाळणारं खातं), लष्करी रुग्णालयं, प्रशिक्षण संस्था, डिफेन्स अकाउंट्स या सगळ्या ठिकाणी वर्दी नसलेली माणसं लागतात: क्लार्क, स्टोअरकीपर, फायरमन, ट्रेड्समन मेट (कारागिराचा मदतनीस), एमटीएस (शिपायासारखी पडेल ती कामं करणारा कर्मचारी). आत्याचं काम सुट्या भागांच्या हिशोबाचं. माल आला की रिसीट व्हाउचर, गेला की इश्यू व्हाउचर, रॅकवर त्या वस्तूच्या शिलकीचं बिन कार्ड, टेबलावर लेजर, आणि तिन्हीकडे शिल्लक एकच दिसली पाहिजे. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खाली काय होतं ते वाचता आलंच पाहिजे, म्हणून व्हाइटनरला तिच्या टेबलावर थारा नव्हता. घरच्या दुधाच्या वहीतही ती असंच करायची. आई वैतागायची.

नव्या माणसाला वाटतं, इथं साहेबांचं राज्य आणि आपण हुकमाचे ताबेदार. शिस्त आहेच, गेटवर पास दाखवावा लागतो, बऱ्याच ठिकाणी स्मार्टफोन बाहेर ठेवावा लागतो. पण अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नागरी कर्मचारी बहुधा तिथंच राहतो. जुनी फाइल कुठल्या कपाटात, मागच्या ऑडिटला कशावर आक्षेप आला होता, हे नवे कर्नलसाहेब आत्यालाच विचारायचे. माझ्या मते या नोकरीची खरी ताकद हीच. ती पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, म्हणून पोरांना पटत नाही.

आत्याने लग्न केलं नाही. आमचे वडील गेल्यावर आम्हा भावंडांची शिक्षणं तिने अंगावर घेतली. सुट्टीला स्वारगेटहून विनाथांबा एसटीने यायची, पिशवीत कँटीनचे साबण, एकदा तर चक्क कुकर. गंमत म्हणजे सरकारी व्याख्येत भाची ‘कुटुंबात’ बसत नाही. एलटीसी (रजेतल्या प्रवासाची सवलत), वैद्यकीय सवलत, फॅमिली पेन्शन, कशातच आमचं नाव नव्हतं. आमच्यावर झालेला पैसा न् पैसा तिच्या पगारातला.

पेन्शनचं मात्र नीट समजून घ्या, कारण गावाकडे यात हमखास घोळ होतो. आत्याला जुनी पेन्शन आहे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना एनपीएस, म्हणजे दरमहा पगारातून वर्गणी कापली जाणारी राष्ट्रीय पेन्शन योजना. त्याच युनिटमधल्या जवानाला ती लागू नाही. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा (एकीकृत पेन्शन योजनेचा) पर्याय आलाय. आणि निवृत्त झालात तरी तुम्ही ‘माजी सैनिक’ होत नाही, तो कोटा विसरा.

शिरायच्या वाटा दोन. पहिली एसएससीची, म्हणजे दहावी बोर्ड नव्हे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची: क्लार्कसाठी सीएचएसएल परीक्षा बारावीवर, एमटीएस दहावीवर, आणि दोन्ही आता मराठीतूनही देता येतात. एलडीसीला (कनिष्ठ क्लार्कला) टायपिंग इंग्रजीत मिनिटाला ३५ शब्द किंवा हिंदीत ३०. मराठी टायपिंग इथं चालत नाही, तेव्हा आतापासून बोटं वळवा. सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. दुसरी वाट म्हणजे डेपो किंवा युनिटची थेट जाहिरात, ‘रोजगार समाचार’मध्ये येते. कित्येकदा अर्ज पोस्टाने मागवतात, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. ते विसरलं की अर्ज बाद.

अकॅडम्यांच्या आसपास ‘इंटरव्ह्यू मॅनेज करतो’ म्हणणारे फिरतात. गट क च्या या पदांना १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. मग तो मॅनेज काय करणार?

लागल्यावर नॉमिनेशनचे (आपल्यामागे पैसे कोणाला, ते सांगणारे) फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, जातीचा दाखला यांवरचं स्पेलिंग रुजू होण्याआधीच एकसारखं करून घ्या. नंतर तालुक्याच्या खेपा आणि ऑफिसातली रजा दोन्ही जातात. वर्षातून एकदा सर्व्हिस बुक (आपल्या नोकरीच्या नोंदींची वही) बघायला मागा, रजा आणि वेतनवाढीच्या नोंदी तपासा आणि मगच सही करा. हेड क्लार्क कुरकुरतील, पण दाखवणं नियमातच आहे. आत्या दर दिवाळीला मला विचारते, बघितलंस का? ‘हो’ म्हटलं की तिचा पुढचा प्रश्न असतो, शेवटची नोंद कुठल्या तारखेची?