पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन: त्याच दिवशी घरी की रात्रभर ॲडमिट?

हा प्रश्न बरेच जण ऑपरेशन झाल्यावर विचारतात, तेव्हा पेशंट अजून भुलीच्या गुंगीत असतो आणि नातेवाईक गोंधळलेले. आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

तब्येत एरवी चांगली, ऑपरेशन ठरवून केलेलं आणि सुरळीत पार पडलेलं असेल तर संध्याकाळपर्यंत सोडू शकतात. पण निघायच्या आधी बघा, पेशंट नीट जागा आहे ना, पाणी प्यायल्यावर उलटी होत नाही ना, लघवी झाली का, दुखणं नुसत्या गोळीने आवरतंय का आणि धरून का होईना बाथरूमपर्यंत चालता येतंय का. यातलं एक जरी अडलं तरी सरळ सांगा आणि थांबा, त्यात कमीपणा काही नाही. पित्ताशयाला खूप सूज होती, पोटात नळी ठेवलीय, पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं किंवा हार्टचा त्रास आहे, तर बहुतेक वेळा ॲडमिट राहावं लागतं. आणि घरी पहिले 24 तास जवळ कोणी मोठं माणूस नसेल तरी राहाच, मला तर हीच अट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

घरी गेल्यावर कधीकधी टाक्यांपेक्षा खांदाच जास्त दुखतो, लोक घाबरतात की हार्टचं काही आहे का. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, दोन-तीन दिवसांत जाते, घरातल्या घरात चालत राहिलं की बरं वाटतं. पण छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र अंगावर काढू नका.

उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. खोकला आला तर पोटावर उशी घट्ट दाबून धरा. गोळी कळ वाढायची वाट न बघता वेळेवर घ्या. निदान 24 तास आणि दुखणं कमी होईपर्यंत गाडी चालवायची नाही, जड उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

ताप 38 डिग्री सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइट) वर, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे, लघवी गडद, टाक्यातून पू, पोटरी सुजलेली, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. म्हणून डिस्चार्ज घेतानाच रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते विचारा आणि सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.