चावी बंद म्हणजे वायर अर्थला! सीडीआय शिकताना मी कुठे आपटलो

प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची आणि करंट, म्हणजे ठिणगी, येतो का बघायचं, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. माझ्या जुन्या सिंगल सिलिंडर गाडीला करंट नव्हता. पुढचे तीन आठवडे मी जे उद्योग केले, त्यातले निम्मे तरी तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आतला मामला थोडक्यात. पॉइंटच्या गाडीत पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. सीडीआयमध्ये (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) उलट: साठवलेली वीज एकदम सोडायची. इंजिनबरोबर मॅग्नेट फिरला की सोर्स कॉइल, म्हणजे वीज तयार करणारी कॉइल, सीडीआयच्या डब्यातला वीज साठवणारा कपॅसिटर २०० ते ४०० व्होल्टपर्यंत भरते. मॅग्नेटवरचा उंचवटा पल्सर कॉइलसमोरून गेला की तिथून इशारा जातो, डब्यातला एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडतो आणि कपॅसिटर व्होल्टेज वाढवणाऱ्या एचटी कॉइलमध्ये रिकामा होतो. प्लगवर हजारो व्होल्ट. १९६९ सालच्या कावासाकी एच-१ मध्येही सीडीआयच होतं, म्हणजे ही काही कालपरवाची जादू नाही.

यात बॅटरी कुठे आली? कुठेच नाही. माझ्या गाडीत बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती होती. हे मला तोंडपाठ होतं, तरी हाताला कळलं नव्हतं.

घरातल्या बटणाची सवय अशी की चालू म्हणजे जोडलं, बंद म्हणजे तोडलं. मी चावी चालू केली आणि सीडीआयला येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला नाही. मी खूश! ‘सप्लायच येत नाही.’ बॅटरीवरून थेट वायर ओढून तिथे जोडली, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. चार किक मारल्या, काही नाही. वैतागून चावी बंद केली, आणि हेडलाइटच्या मागून धूर.

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा. मॅग्नेटवर चालणाऱ्या सीडीआयमध्ये ती वायर सप्लायची नसतेच, ती इंजिन मारायची वायर असते. चावी बंद केली की स्विच ती वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतो, सोर्स कॉइलची वीज कपॅसिटरमध्ये न जाता अर्थला जाते आणि गाडी बंद पडते. चावी चालू केली की ती वायर नुसती मोकळी सुटते. म्हणजे चालू असताना तिथे बॅटरीचे १२ व्होल्ट न दिसणं हेच बरोबर. मी तिथे बॅटरी जोडली आणि मग चावी बंद केली, म्हणजे माझ्याच हाताने बॅटरी थेट अर्थला लावली. वायरिंग जळणार नाही तर काय होईल?

बॅटरीवर चालणाऱ्या डीसी सीडीआयमध्ये मात्र चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट यायलाच हवेत. म्हणून आधी तुमची गाडी कोणत्या जातीची ते ठरवा. त्यासाठी वायरिंगचा नकाशा मिळवा. रंगांवर विसंबू नका, जुन्या गाडीत कुणी कुठली वायर कशाला जोडून ठेवली असेल सांगता येत नाही.

घाबरू मात्र नका. तर्क एकदा डोक्यात बसला की पहिली तपासणी सोपी आहे: एसी, म्हणजे मॅग्नेटवर चालणाऱ्या, सीडीआयची ती इंजिन मारायची (किल) वायर डब्याजवळ सोडवा आणि किक मारा. करंट आला तर दोष चावीत, किल स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत, डब्यात नाही. फक्त अशी सुरू झालेली गाडी चावीने बंद होणार नाही, हे आधी लक्षात ठेवा. प्लगही कायम हेडला टेकलेला हवा. अधांतरी ठेवून किक मारली तर एचटी कॉइल आणि सीडीआय दोन्हीला धोका, आणि झटका बसला तर तुम्हालाही.

मीही ती वायर सोडवून पाहिली. माझं नशीब, तरी करंट आला नाही. त्याआधी मी दोन नवे डबे लावून पाहिले होते. ‘डबा बदलून बघ’ हा सल्ला मला अजिबात आवडत नाही. डब्याच्या आतलं मल्टिमीटरने मोजता येत नाही हे खरं, पण म्हणूनच तो सगळ्यात शेवटी बदलावा. मला शिकवणाऱ्या मिस्त्रींनी जळलेली वायर बघून ‘बंद म्हणजे अर्थ’ एवढंच म्हटलं आणि ते आपल्या कामाला लागले. तेव्हा राग आला होता. आधी सांगायला काय झालं होतं? हा राग अजून पूर्ण गेलेला नाही.

शेवटी पल्सर कॉइल मोजली. अशा कॉइलचं माप बहुतेक गाड्यांत शंभराच्या आगेमागे किंवा काहीशे ओहम असतं. माझ्या मीटरवर काहीच नाही. कपलरजवळ वायर हलवली तर आकडा उमटला आणि गेला. तार आतून तुटलेली, वरचं आवरण शाबूत. सोल्डरचा एक टाका, आणि दुसऱ्या किकला निळी ठिणगी.

आणखी एक. गाडी गरम झाल्यावर बंद पडत असेल आणि गार झाल्यावर सुरू होत असेल, तर घरी येऊन मोजू नका. तोवर कॉइल गार होते आणि माप अगदी बरोबर दाखवते. बंद पडली तिथेच मोजा. माझा मीटर तेव्हापासून सीटखाली असतो.