सोडा, लिंबू, व्हिनेगर: स्वयंपाकघर साफ करताना या चुका टाळा

नाशिककरांच्या घरी रविवारी मिसळ झाली की तर्रीचा वास दुपारपर्यंत जातो, पण फोडणीची वाफ शेगडीमागच्या टाइल्सवर बसते ती बसतेच. महिनाभराने तिथे बोट फिरवलं तर मेणचट लागतं. हा थर काढायला महागडा स्प्रे लागत नाही. सोडा, लिंबू, व्हिनेगर, मीठ आणि जुन्या सुती साडीचं फडकं एवढ्यावर भागतं. फक्त काय कशावर वापरायचं, हे चुकता कामा नये.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं. फसफस उठते आणि आपल्याला वाटतं, मळ निघतोय. ती फसफस नुसत्या कार्बन डायऑक्साइडची असते. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हाती उरतं जवळजवळ खारट पाणी. म्हणून तेलकटपणाला सोडा आणि नळावरच्या पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर, असं वेगवेगळं वापरा. तुंबलेल्या सिंकमध्येही हे मिश्रण ओतून फारसं काही होत नाही. तिथे जाळी काढून कचरा उपसावा, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. पाणी उकळतं नको, प्लास्टिकचा पाइप नरम पडतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता टाइल्स. इथे आपण घाई करतो, फवारतो आणि लगेच तारेच्या घासणीने खरवडतो. त्याने चरे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्याच चऱ्यांत बसतो. त्याऐवजी लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याच्या सोड्यापेक्षा हा जहाल असतो, हातमोजे घालाच. फडकं त्यात भिजवून अर्धवट पिळा आणि टाइलवर सपाट चिकटवून द्या. उभ्या भिंतीवरून पाणी ओघळून जातं, फडकं मात्र ते धरून ठेवतं. १० मिनिटांनी फडकं खाली ओढलं की पिवळा थर त्याच्याबरोबर सरकत येतो, कडेला त्याची बारीक वळकटी होते. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, नाहीतर वाळल्यावर सोड्याची पांढरी झाक राहते.

ओट्याच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात काळ्या कडप्प्याचा ओटा होता. ओटा चमकावा म्हणून लिंबू चोळलं आणि पिळलेली फोड तिथेच उपडी राहिली. सकाळी उचलली तर खाली फोडीच्याच आकाराचं फिकं, खरखरीत वर्तुळ. कितीही घासलं तरी गेलं नाही, कारण तो डाग नव्हताच. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आम्लाने त्याचा वरचा थरच खाल्ला होता. असं झालं तर पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावं लागतं. संगमरवराचंही तेच. अशा ओट्याला भांड्यांच्या साबणाचं पाणी पुरे.

तांब्या-पितळेला मात्र आंबटच लागतं. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमधून आणलेला हंडा घरात असेल तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावा, लगेच धुवा आणि कोरडा पुसा. ओला ठेवलात तर पुन्हा काळवंडतो. गॅसच्या पितळी बर्नरलाही चिंचेचं गरम पाणी चालतं. नंतर भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळल्यावरच शेगडीवर बसवा.

बर्नर किंवा कढई ॲल्युमिनियमची असेल तर सोड्यापासून लांब ठेवा, काळी पडते. आधीच काळी पडली असेल तर कढईत पाणी आणि लिंबाच्या साली घालून १० मिनिटं उकळा, बराच काळेपणा उतरतो. स्टीलच्या पातेल्यात भात करपला असेल तर उलट करायचं: पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा, एक उकळी, आणि रात्रभर तसंच झाकून ठेवायचं. सकाळी लाकडी उलथन्याने खरपुडी अलगद सुटते.