गोष्टीसाठी खान्देशातला पोरींचा कबड्डी संघ कसा रचायचा: इतिहास, खेळाडू, सगळं

कथा लिहा, एकांकिका लिहा नाहीतर वेबसिरीज, त्यात बायकांचा कबड्डी संघ टाकायचा असेल तर सात पोरींची यादी करत बसू नका आधी. सगळे तेच करतात. एक तापट कॅप्टन, एक लाजरीबुजरी, एक जाडी जी जोक मारते, आणि मग दहा पानं झाली तरी या पोरी कोणत्या गावच्या आहेत ते कळत नाही. आधी मैदान ठरवा. संघाचा इतिहास म्हणजे कप नाही, मैदान कुणी दिलं आणि पोरींना संध्याकाळी घराबाहेर कुणी येऊ दिलं, हा असतो. कप नंतर आपोआप लिहिता येतात.

आता मैदान म्हणजे काय, तर आपल्याकडची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय अडकला की घोटा गेलाच, आणि पावसात तीच माती ढेकळासारखी तळव्याला चिकटते. म्हणून गावात कबड्डी खेळायची तर वरून मुरूम टाकावा लागतो, पाणी मारून दाबावा लागतो. मग त्या मुरमाच्या ट्रॉल्या कुणी टाकल्या? शाळेच्या पीटीच्या सरांनी पदरमोड केली, की सरपंचाने निवडणुकीच्या आधी, की जिनिंगवाल्या शेठने? ज्याने टाकल्या तो पुढची वीस वर्षं संघाच्या प्रत्येक गोष्टीत बोलणार, बक्षीस समारंभात खुर्ची पहिली त्याची. तुमच्या गोष्टीतलं राजकारण इथंच तयार झालं, वेगळा व्हिलन शोधू नका. बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं, पुरुषांचं १३ बाय १०. म्हणजे पोरांच्या मैदानावर पोरींची मॅच असली की चुन्याच्या रेघा पुन्हा आखाव्या लागतात, आणि त्या आखणार कोण यावर अर्धा तास वाद. हा सीन फुकट मिळतो, घ्या.

दुसरं, वर्षाचा हिशोब. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, तेव्हा सराव पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी, अर्धा संघ शेतात. नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या पोरी घेतल्या तर घरचे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मग पोरगी आश्रमशाळेत राहिली तरच संघात टिकते. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया! आखाजीला सासरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, म्हणजे जुन्या खेळाडू आणि आत्ताच्या खेळाडू एका गावात सापडतात ते या दिवसांत. जुन्या विरुद्ध नव्या अशी मॅच लावायची तर याच दिवशी लावा, मला तर वाटतं अख्खी गोष्ट त्या एका दुपारीत बसेल. जुन्यांचा दम संपलेला असतो पण पकड संपलेली नसते, हे विसरू नका.

सनावळी नीट जुळवा, कारण वाचक तिथंच पकडतात. १९५५ सालचा सीन असेल तर 'जळगाव जिल्हा' लिहू नका, तेव्हा तो पूर्व खानदेश होता आणि धुळ्याकडचा पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी नंदुरबारची पोरगी धुळे जिल्ह्याच्या निवड चाचणीलाच जाणार. जळगावचं विद्यापीठ १९९० चं आहे, म्हणून १९८५ ला कॉलेजकडून खेळणारी बाई पुणे विद्यापीठाच्या संघात दाखवा. पोरींच्या भिंतीवर पोस्टर कोणाचं, तेही सालावर आहे. एशियन गेम्समध्ये महिला कबड्डी आली २०१० ला, ग्वांगझूला, आणि आपण गोल्ड आणलं. २०१२ ला पाटण्यात महिलांचा वर्ल्ड कप झाला, त्या जिंकलेल्या टीममध्ये अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ अशा आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. म्हणजे २०१३ च्या सीनमध्ये बापाला पटवायला पोरीकडे काहीतरी मुद्दा आहे, २००३ ला नव्हता. २०१८ ला जकार्तात फायनलला इराणकडून हरलो, तो दिवस टीव्हीसमोर बसलेल्या पोरींचा सीन म्हणून फार चांगला आहे.

आता खेळाडू. आत सात, बाहेर पाच राखीव. बाराही जणींना पूर्ण जन्मकथा देऊ नका, चौघी पुरे. माझ्या मते पहिली लिहायची ती डावी कोपरारक्षक, चढाईपटू नाही. चढाईवाली सगळ्यांना दिसते, टाळ्या तिला, पेपरात फोटो तिचा. कोपऱ्यातली मात्र वाट बघत उभी असते, समोरचीचा पाय कधी लांब पडतो ते बघत, आणि एकदा घोटा धरला की सोडत नाही, पण चुकली तर पहिली शिवी तिलाच. असा स्वभाव घरात पण तसाच दिसतो. दोन्ही कोपऱ्यांवर सख्ख्या जावा टाकल्या तर? घरी बोलत नाहीत, मैदानात न बोलता पकड जमते. दुसरी अर्थात चढाईवाली, तिला ३० सेकंद असतात आणि समोरच्या अंगणातली 'निदान रेषा' (बॉक लाइन) तरी ओलांडावीच लागते, नाहीतर बाद. तिसरी ती जी वजनात अडकते, सीनियर बायकांना ७५ किलोची मर्यादा आहे, काट्यावर ७६ आलं तर सकाळपासून उपाशी पळायचं, आणि इकडे कानबाईच्या सणाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, संपवायच्या आहेत घरी, त्या टाकून द्यायच्या नसतात. चौथी राखीव. कायम राखीव, तरी रोज येते. का येते ते तुम्ही ठरवा, पण वाचकाला सांगायची घाई करू नका.

नावं हा वेगळाच घोळ. १९७५ च्या आसपास जन्मलेली असेल तर सुनीता, मंगला, वैशाली चालेल, २००५ ची असेल तर साक्षी, वैष्णवी. आडनावात पाटील एक नाही तीन टाका, तसंच असतं आपल्याकडे, मग स्कोअरर बापाच्या नावावरून ओळखतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरा, वळवी, वसावे, पाडवी. यावल-रावेरकडे चौधरी, महाजन, तडवी. आणि लग्न झालं की आडनाव बदलतं, त्यामुळे संघाच्या जुन्या वहीत एकच बाई दोन नावांनी असते, पन्नास मॅच एका नावावर, आठ दुसऱ्या. इतिहास लिहिणारं पात्र असेल तुमच्या गोष्टीत तर त्याला ही वही द्या, डोकं खाजवू द्या.

बोलीचं सांभाळा. सगळ्यांना एकच अहिराणी बोलायला लावू नका. साक्री-अमळनेरकडची 'धर वं तिले' ओरडेल, फैजपूरची लेवा बोली बोलेल, धडगावची मैत्रिणीशी पावरी बोलीत कुजबुजेल आणि सरांशी शाळेतलं मराठी. मोठ्या माणसाला जिभाऊ, सीनियरला ताई. मैदानात मात्र सगळ्यांना नुसतं नाव, तिथं वेळ नसतो.

पोरी संघ सोडतात ते पण लिहा, आणि फक्त लग्नामुळेच नको, ते फार वापरून झालंय. चांगली खेळणारी नोकरीसाठी जाते. पोलिसात, नाहीतर रेल्वेत. रेल्वेचा संघ नॅशनलला वेगळा उतरतो, म्हणून ज्या पोरीला गावाने वर्गणी काढून पाठवलं ती पुढे महाराष्ट्राच्याच विरुद्ध चढाई करताना दिसू शकते. भुसावळसारखं रेल्वेचं गाव असताना ही गोष्ट कुणी लिहीत कसं नाही?

मॅच लिहिताना हिशोब कागदावर मांडा. समोर सहा किंवा सात जणी असतील तरच चढाईवालीला बोनस रेषेचा गुण मिळतो, तीन किंवा कमी उरल्या आणि पकड झाली तर अव्वल पकड, एक गुण जास्तीचा. सगळ्या बाद झाल्या की लोण, दोन गुण. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. आणि बाद झालेल्या ज्या क्रमाने बाहेर गेल्या त्याच क्रमाने परत येतात, हे लेखकासाठी सोनं आहे, कारण बाहेर शेजारी बसलेल्या दोघींचं बोलणं लिहिता येतं आणि एकीला आत बोलावलं की ते अर्धवट तुटतं. फायनल ६०-१५ अशी करू नका. २०२३ ला हांगझूच्या एशियन गेम्सची फायनल आपण चायनीज तैपेईशी २६-२५ अशी जिंकलो, खऱ्यात एवढी अटीतटी होते तर तुमच्या तालुक्याच्या फायनलला काय झालं. शेवटची चढाई कोणाची ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या, दर दोन-तीन मिनिटांनी आत किती जणी, बाहेर किती, हे मार्जिनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर बाराव्या पानावर बाद झालेली बाई तेराव्या पानावर पकड करताना सापडते.